मोजमाप फाटकाबाहेर व्हावं

तुरुंगात ध्यानाचं शिबिर झालं की त्याची बातमी ठरावीक वळणाने येते. दहा दिवस मौन, शेवटच्या दिवशी बोलायची परवानगी, कुणाला तरी रडू कोसळतं, बरॅकमधली भांडणं कमी झाल्याचं अधीक्षक सांगतात, पाहुणे भारावून जातात. यातलं काही खोटं नसतं आणि त्याचं मोलही कमी नाही. पण शिबिरात बसलेल्यांपैकी जे दारूने, गर्दने, गांजाने पोखरले गेले होते, त्यांचं सुटल्यावर काय झालं हे त्या बातमीत कधी येत नाही. पुढच्या वर्षीच्या बातमीतही येत नाही. ध्यानाला व्यसनावरचा उपचार म्हणायचं असेल तर त्याचा गुण तुरुंगाच्या भिंतीबाहेर तपासला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि एकदा तो बाहेर तपासायचा ठरवला की आतली सगळी आखणीच बदलावी लागते.

असा गुण एका ठिकाणी खरोखर तपासला गेला, आणि तोही इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीचाच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल शहरालगत, किंग काउंटीचा नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी नावाचा तुरुंग होता. तुलनेने सौम्य गुन्ह्यांत अडकलेले, कमी मुदतीची शिक्षा भोगणारे स्त्री-पुरुष तिथे असत. १९९७च्या नोव्हेंबरात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर तिथे भरलं. अमेरिकेच्या तुरुंगातलं ते पहिलंच शिबिर. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी आपली हयात एकाच प्रश्नावर घालवली होती: सोडलेलं व्यसन माणूस पुन्हा का धरतो? त्यांनी आणि सारा बोवेन यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुरुंगातल्या शिबिरांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. सुटून तीन महिने झाले, या काळात तुम्ही किती प्यायलात, काय ओढलंत? तुरुंगातले नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी तुलना करता शिबिर केलेल्यांचं दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचं सेवन लक्षणीय कमी निघालं.

या निष्कर्षावर उड्या मारण्याआधी त्याच्या मर्यादा पाहायला हव्यात. शिबिराला बसणारे स्वतःहून आले होते. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. ज्याला मुळातच सुटायचं आहे तोच दहा दिवस पहाटे चारला उठून मांडी घालून बसायला तयार होतो, त्यामुळे फरक ध्यानाचा किती आणि निश्चयाचा किती हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. शिवाय अभ्यासात सुरुवातीला तीनशेच्या वर लोक होते आणि सुटकेनंतर तीन महिन्यांनी ज्यांची माहिती मिळाली ते एक तृतीयांशाहूनही कमी. जे सापडले नाहीत ते कुठे गेले असतील, याचा अंदाज व्यसनमुक्तीत काम करणारा कुणीही करू शकतो. तरीही मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण त्याने प्रश्न योग्य जागी विचारला. शांत बरॅक हा त्याच्या लेखी निकाल नव्हता.

पुढे मार्लॅट, बोवेन आणि नेहा चावला यांनी याच धाग्यावरून आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम बांधला. त्यात दहा दिवसांचं मौन नाही, धर्माचा उल्लेख नाही. आठवड्याला एक गटबैठक आणि रोजचा सराव. सजगतेच्या या प्रशिक्षणात नेमकं काय करतात हे जवळून पाहिलं की त्याभोवतीचं गूढ बरंच विरतं. आठ-दहा जण खुर्च्यांवर बसतात. गट चालवणारा सांगतो, डोळे मिटा आणि असा एक प्रसंग मनात आणा जिथे तुमचा पाय हमखास घसरला असता. फार भयंकर नको, झेपेल असाच. मग तो प्रसंग त्याच क्षणाशी थांबवायला सांगतो, जिथे हात ग्लासकडे किंवा पुडीकडे जाणार असतो. आता शरीरात काय चाललंय ते पाहा. घशाला कोरड पडली आहे, जबडा आवळला आहे, पोटात खड्डा पडला आहे, बोटं चाळवताहेत. डोक्यात एक वाक्य घोळतंय, की आजच्या दिवस चालेल. यातलं काहीही दाबायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, त्याचं ऐकायचंही नाही. श्वास चालू आहे तिकडे लक्ष ठेवून हे सगळं वाढताना पाहायचं, आणि मग ओसरताना पाहायचं. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते, तिच्याखाली न जाता तिच्यावर तरायला शिकायचं, अशी मार्लॅट यांची कल्पना होती. बहुतेक तलफा अर्ध्या तासाच्या आत उतरणीला लागतात. वीस वर्षं प्यायलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं, कारण त्याने एकही तलफ शेवटपर्यंत पाहिलेली नसते. ती चढायला लागली की तो पीत आलेला असतो.

त्यानंतर गट चालवणारा आणखी एक प्रश्न विचारतो: त्या क्षणी तुम्हाला खरं काय हवं होतं? इथे पुष्कळांना पहिल्यांदा दिसतं की हवी होती ती झोप, किंवा घरचा एक फोन, किंवा अपमान गिळायला थोडा अवधी. व्यसनाच्या उपचारात याहून महत्त्वाचा क्षण फारसा नसतो.

मार्लॅट यांनी दाखवलेली दुसरी गोष्टही इथे सांगितलीच पाहिजे, कारण तुरुंगाच्या शिस्तीला ती नेमकी उलट जाते. सोडलेला माणूस एकदा घसरला, एक घोट घेतला, की त्याच्या मनात अपराधाचा डोंब उसळतो. सगळं संपलं, मी असाच नालायक, मग आता कशाला थांबायचं? पहिल्या घोटापेक्षा हा विचार त्याला जास्त बुडवतो. आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांत ‘स्लिप’ आणि ‘रिलॅप्स’ यांत फरक करतात तो याचसाठी. सजगतेचा सराव माणसाला त्या अपराधी विचाराकडेही एक विचार म्हणून पाहायला शिकवतो. तुरुंग मात्र त्याला दिवसातून अनेक वेळा आठवण करून देतो की तू गुन्हेगार आहेस. एका तासाच्या बैठकीने जे कमावलं ते उरलेल्या तेवीस तासांत पुसलं जात असेल, तर दोष बैठकीचा नव्हे.

या अभ्यासक्रमाच्या चाचण्या पुढे झाल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सिअ‍ॅटलमधल्या चाचणीत २८६ लोक होते आणि त्यांचे तीन गट चिठ्ठी पद्धतीने पाडलेले होते. वर्षाअखेरीस सजगतेच्या गटात नशा केलेले दिवस इतर दोन्ही गटांपेक्षा कमी निघाले. त्याच वर्षी गुन्ह्यांत अडकलेल्या १०५ स्त्रियांवरची, निवासी केंद्रात केलेली एक चाचणीही आली आणि तिचा कौलही याच बाजूने पडला. पण २०२१मध्ये कॉक्रेन या संस्थेने ४० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पुरावा कमकुवत आहे आणि परिणामाबद्दल खात्रीने बोलता येत नाही असंच म्हणावं लागलं. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, पण चमत्काराची भाषा करायला नाही. ध्यानाच्या प्रेमापोटी जे लोक याहून जास्त सांगतात ते कैद्यांचं नुकसान करतात. दहा दिवसांत सुटणार असं सांगून बसवलेला माणूस अकराव्या महिन्यात प्याला, तर तो स्वतःलाच दोष देतो.

भारतातला अनुभव अमेरिकेच्या कितीतरी आधीचा आहे. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गोएंकांनी पहिलं शिबिर घेतलं. राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. काही बंद्यांना बेड्या घालून आणलेलं पाहून गोएंकांनी त्या काढायला लावल्या, ही हकिकत ते स्वतः सांगत. पुढे किरण बेदी तिहारला असताना, १९९४च्या एप्रिलमध्ये, हजारावर बंदी एकाच वेळी शिबिराला बसले आणि तिथे कायमचं केंद्र सुरू झालं. मानसोपचारतज्ज्ञ किशोर चांदीरामानी यांनी तिहारच्या बंद्यांचा अभ्यास केला. त्यात वैरभाव आणि हताशपणा कमी झाल्याचं दिसलं. माणसाला माणसासारखं वागवल्यावर काय घडतं याचा तो दस्तऐवज आहे, आणि आपण त्याचा अभिमान बाळगावा. मात्र पन्नास वर्षांच्या या वाटचालीत आपण मोजलं ते बहुतेक आतलं.

आणि आतलं माप व्यसनाच्या बाबतीत फसवं असतं. तुरुंगात नेहमीचा गुत्ता नसतो, जुने मित्र नसतात, पगाराचा दिवस नसतो. चोरवाटांनी माल आत येतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तो बाहेरच्या इतका स्वस्त आणि सहज नसतो. तलफ जागवणाऱ्या खुणाच नाहीशा झाल्यामुळे माणसाला वाटतं, आपण सुटलो. घरच्यांनाही तसंच वाटतं. दोन वर्षं आत होता, घेतली नाही, आता कशाला घेईल? मग जामिनाचा आदेश येतो. जामिनाच्या आदेशांची पेटी उघडण्याच्या ठरलेल्या वेळा, कागदांची ताडणी, अंगठे, जमा केलेल्या वस्तूंची परतफेड असं सगळं होऊन तो फाटकाबाहेर येतो तेव्हा बऱ्याचदा दिवस मावळलेला असतो. हातात एक पिशवी, खिशात थोडे पैसे, न्यायला कुणी आलंय की नाही याची खात्री नाही. रस्ता ओलांडला की टपरी. आठ आठवड्यांच्या सरावाची खरी परीक्षा त्या संध्याकाळी सुरू होते.

अफूजन्य नशेच्या बाबतीत ही संध्याकाळ जीवघेणी असते. महिनोन्‌महिने न घेतल्यामुळे शरीराची सवय मोडलेली असते, पण डोक्यात जुनाच डोस असतो. तोच डोस आता श्वास थांबवतो. वॉशिंग्टन राज्यातल्याच तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य रहिवाशांच्या १२९ पट निघाला. हा आकडा वाचल्यावर कुणीही शुद्धीवरचा माणूस असं म्हणणार नाही की हेरॉइनच्या व्यसनाला फक्त ध्यान पुरेल. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६पासून तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही औषधं द्यायला आणि सुटल्यावर ती चालू राहतील अशी सोय करायला सुरुवात केली. २०१६च्या पहिल्या सहामाहीत अतिमात्रेने गेलेल्यांत नुकतेच सुटलेले २६ जण होते. पुढच्या वर्षी त्याच काळात ते ९ होते.

म्हणून औषध की ध्यान हा वाद मला घातक वाटतो. आपल्याकडे तो फार सहज उभा राहतो. नशा सोडवायला पुन्हा गोळी कशाला, मनोनिग्रह हवा, असं सुशिक्षित माणसंही बोलतात. अशांनी अटकेनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री डोळ्यांसमोर आणाव्यात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येऊ शकते, आणि उपचार मिळाला नाही तर माणूस दगावूही शकतो. गर्द तुटल्यावरची ‘टर्की’ चालू असताना हाडं ठणकत असतात, उलट्या-जुलाब थांबत नाहीत. त्या माणसाला श्वासाकडे लक्ष द्या असं सांगणं ही क्रूरता आहे. आधी डॉक्टर, मग झोप, मग जेवण, आणि नंतर ध्यान. तिहारमध्ये २००८ साली ब्युप्रेनॉर्फिनवर आधारित उपचार सुरू झाले तेव्हा दक्षिण आशियातल्या तुरुंगांत असं पहिल्यांदाच होत होतं. म्हणजे विपश्यना केंद्र आणि औषधोपचार ही दोन्ही दारं एकाच आवारात उघडली गेली आहेत. ती एकमेकांना जोडण्याचं काम राहिलं आहे.

आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण मात्र निराळीच आहे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि जागा ४,३६,२६६ जणांची होती. त्यांतले पाऊण हिश्श्याहून थोडे जास्त, ७५.८ टक्के, कच्चे कैदी. कच्च्या कैद्याला आपण इथे आठवडाभर आहोत की चार वर्षं हे माहीत नसतं. तारखेला नेलं तर त्या दिवसाची बैठक बुडते, जामीन झाला तर अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतो, दुसऱ्या कारागृहात हलवलं तर पुन्हा पहिल्यापासून. जिथे पाठ टेकायला जागा नाही अशा बरॅकमध्ये सरावासाठी वीस मिनिटांची शांतता मागणंही धाडसाचं आहे. म्हणून दहा दिवसांचं शिबिर आणि आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम हे दोन्ही साचे जसेच्या तसे इथे आणून चालणार नाही. आपल्याला चालता गट हवा, ज्यात कुणीही कोणत्याही आठवड्यात येऊन बसू शकेल आणि प्रत्येक बैठक स्वतंत्रपणे उपयोगी पडेल. अमेरिकेत अल्प मुदतीच्या निवासी केंद्रांसाठी अशी रचना करून पाहिली गेली आहे, तेव्हा ती अशक्य नाही. आणि पहिल्याच बैठकीत, बाकी काही शिकवण्याआधी, सुटल्यावर जुना डोस जीव घेईल हे सांगितलं पाहिजे, कारण तो माणूस दुसऱ्या बैठकीला असेलच असं नाही.

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना आणखी एक आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. आंबेडकरी चळवळीत विपश्यनेबद्दल दोन मतं आहेत. दुःखाचं मूळ फक्त स्वतःच्या तृष्णेत शोधायला लावलं की समाजाने लादलेलं दुःख नजरेआड होतं, माणूस संघर्षाऐवजी डोळे मिटून बसतो, असं एक मत ठामपणे मांडलं जातं. तुरुंगाच्या संदर्भात हा आक्षेप मला अत्यंत रास्त वाटतो. आपल्या तुरुंगांत दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, जामीनदार नाही, तोच आत कुजतो. अशा माणसाला तुझी अडचण तुझ्या मनात आहे असं शिकवणारं ध्यान मला नको. पण तलफेच्या त्या अर्ध्या तासात माणसाच्या मदतीला समाजव्यवस्थेचं विश्लेषण येत नाही, हेही तितकंच खरं. त्या अर्ध्या तासापुरतं त्याला काहीतरी हातात हवं असतं. ते त्याला द्यावं, आणि त्याच्या खटल्याची तारीख लवकर यावी म्हणूनही भांडावं. दोन्ही कामं एकाच संस्थेने करायला काय हरकत आहे?

सक्तीबद्दल थोडक्यात. ध्यानाला बसलं की साहेबांच्या नजरेत चांगलं, न बसलं की अडेल, असं वातावरण असेल तर ऐच्छिकपणा कागदावरच राहतो. शांत बसल्यावर जुने आघात वर येणारीही माणसं असतात, आणि तुरुंगात ती बरीच असतात. त्यांना उठून जायची मुभा हवी आणि समोर बसायला मानसोपचार जाणणारं माणूस हवं. ज्याला नको त्याच्यासाठी समुपदेशन, काम, शिक्षण यांचे मार्ग तितक्याच सन्मानाने खुले हवेत.

एक गोष्ट मनाला सतत टोचत राहते. यांतल्या कितीतरी माणसांना तुरुंगात आणायचीच गरज नव्हती. १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कलम ३९ प्रमाणे अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. ही कलमं आहेत हे किती आरोपींना सांगितलं जातं? आणि पाठवायचं म्हटलं तरी कुठे? ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता.

पुण्यात येरवड्याचं कारागृह आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी उभं केलेलं मुक्तांगण हे दोन्ही एकाच परिसरात आहेत. मुक्तांगणने महाराष्ट्राला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे केंद्रातून बाहेर पडल्यावर खरं काम सुरू होतं: पाठपुराव्याच्या बैठका, बायकोला आणि आई-वडिलांना बरोबर घेणं, घसरलेल्याला दार बंद न करणं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे ज्ञान आता घराघरांत पोचलं आहे. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसालाच ते का नाकारायचं?

गृहखात्याला आणि कारागृह विभागाला माझी विनंती आहे. पुढचं शिबिर जरूर भरवा. पण बसणाऱ्या प्रत्येकाकडून, त्याची संमती असेल तर, बाहेरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून घ्या. सुटकेच्या दिवशी त्याच्या हातात औषधांची चिठ्ठी आणि त्याच्या गावाजवळच्या केंद्राचा पत्ता द्या. तीन महिन्यांनी, पोलिसांकरवी नव्हे तर एखाद्या समाजसेवकाकरवी, त्याला फोन करा आणि कसा आहेस एवढं विचारा. जे सापडले नाहीत त्यांचीही मोजदाद ठेवा. आणि येतील ते आकडे, चांगले असोत वा वाईट, शिबिराच्या फोटोसारखेच वर्तमानपत्रांना द्या.